नव्या भाषाशिक्षकांसोबत दीर्घकालीन ऑनलाइन गुणात्मक अभ्यास: आराखडा, मुलाखती, नोंदी आणि विश्लेषण

प्रश्न थोडक्यात असा आहे: नुकतेच नोकरीला लागलेले भाषाशिक्षक पहिल्या दीड-दोन वर्षांत शिकवण्याकडे कसे पाहू लागतात, हे ऑनलाइन मुलाखती आणि रोजनिशीच्या आधारे अभ्यासायचे आहे. किती शिक्षक घ्यावेत, किती वेळा बोलावे, लोक मधेच गळू नयेत म्हणून काय करावे आणि साठलेल्या मजकुराचे पुढे काय करावे?

आकड्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करा. असा अभ्यास बदल टिपण्यासाठी असतो आणि बदल दिसायला काहीतरी स्थिर लागते. दीड वर्षात शिक्षक बदलणार, कदाचित त्यांची शाळा बदलणार, आणि मजकूर वाचून वाचून तुमची स्वतःची नजरही बदलणार. त्यात दर मुलाखतीला प्रश्नही नवे विचारले, तर शेवटी हातात सहा वेगवेगळ्या गप्पा उरतात. पहिल्या मुलाखतीत व्याकरणावर बोलणे झाले आणि चौथीत मुख्याध्यापकांवर, तर शिक्षकाचे व्याकरणाविषयीचे मत बदलले की विषयच निघाला नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही. दीर्घकालीन अभ्यास फसण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे आणि ते विश्लेषणाला बसेपर्यंत लक्षातही येत नाही.

म्हणून तीन स्थिर प्रश्न ठरवा आणि ते प्रत्येक मुलाखतीत त्याच शब्दांत, त्याच क्रमाने विचारा. भाषाशिक्षकांसाठी मी हे तीन सुचवेन:

भाषेचा चांगला तास झाला, असे तुम्ही कशावरून म्हणता? अलीकडचा एक तास सांगा.

शेवटचे कधी एखादा विद्यार्थी बोलताना चुकला? तो काय म्हणाला आणि तुम्ही काय केलेत?

गेल्या आठवड्यात शिकवताना तुम्ही विद्यार्थ्यांच्या भाषेचा आधार कुठे घेतलात आणि कुठे टाळलात?

तिन्ही प्रश्न घडलेल्या गोष्टीकडे नेतात. ‘चुका सुधारण्याविषयी तुमचे मत काय?’ असे विचारले की प्रशिक्षणात ऐकलेले वाक्य परत येते: ‘विद्यार्थ्याचा आत्मविश्वास न दुखवता चूक दाखवावी.’ शेवटचा प्रसंग विचारला की शिक्षक सांगतो, ‘त्याने भूतकाळाऐवजी वर्तमानकाळ वापरला, मी मधेच तोडून बरोबर रूप सांगितले, मग तो गप्पच बसला.’ वर्षभराने त्याच प्रश्नावर ‘आता मी वाक्य पूर्ण होऊ देते, मग तेच वाक्य बरोबर करून परत म्हणते’ असे उत्तर आले, की तुलना करायला काहीतरी ठोस मिळते. प्रसंग विचारण्याची ही रीत जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली मांडलेल्या निर्णायक प्रसंगांच्या तंत्राशी नाते सांगते.

स्थिर प्रश्नांना पंधरा-वीस मिनिटे पुरतात. पुढची वीस मिनिटे त्या शिक्षकाच्या रोजनिशीतून निघालेल्या गोष्टींना द्या आणि शेवटची दहा मिनिटे मोकळी ठेवा. हा क्रम उलटा करू नका. आधी रोजनिशीवर बोलणे झाले, की स्थिर प्रश्नांची उत्तरे तिच्याच रंगात येतात.

आता संख्या. एकट्या संशोधकाने शेवटी दहा-बारा शिक्षक हाती राहतील असा हिशोब धरावा आणि सुरुवात चौदा ते सोळा जणांनी करावी. बारा शिक्षक, प्रत्येकी सहा मुलाखती, प्रत्येक पन्नास मिनिटांची, म्हणजे साठ तासांचे ध्वनिमुद्रण. एका तासाचे शब्दांकन हाताने करायला साधारण चार ते सहा तास जातात, म्हणजे २४० ते ३६० तास. तासाभराच्या बोलण्याचे सहा-सात हजार शब्द धरले तरी चार लाखांच्या आसपास शब्द होतात. शिवाय दर पंधरवड्याला तीन मिनिटांची ध्वनी-नोंद ठेवली आणि सुट्ट्या-परीक्षा वगळून दीड वर्षात प्रत्येकाच्या बत्तीस नोंदी झाल्या, तर आणखी एकोणीस तास. हे गणित प्रस्ताव लिहितानाच मांडा. ‘तीस शिक्षक, दर महिन्याला मुलाखत’ असे आराखडे कागदावर भक्कम दिसतात. प्रत्यक्षात दुसऱ्या सहामाहीत शब्दांकन तुंबते, न वाचलेल्या मुलाखतींच्या जोरावर पुढच्या मुलाखती घेतल्या जातात आणि अभ्यासाचा दीर्घपणा वाया जातो.

भेटींचे वेळापत्रक तुमच्या सोयीच्या महिन्यांवर न बेतता शिकवण्याच्या वर्षावर बेता. पहिली मुलाखत पहिल्या तासाआधी, निदान पहिल्या आठवड्यात. दुसरी सहा ते आठ आठवड्यांनी. तिसरी पहिल्या मोठ्या परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर. चौथी वर्ष संपताना. पाचवी दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात आणि सहावी अठराव्या महिन्याच्या सुमाराला. यांतली पाचवी बऱ्याच जणांना अनावश्यक वाटते, पण मला ती सर्वांत मोलाची वाटते. तोच धडा, तोच वर्ग, फक्त विद्यार्थी नवे. शिक्षक काय तसेच ठेवतो आणि काय टाकून देतो, हे तिथे उघड होते. पहिली मुलाखत मात्र चुकली तर चुकलीच. महिनाभर शिकवून झालेल्या माणसाला ‘सुरुवातीला काय वाटत होते’ असे विचारले, तर तो महिनाभराच्या अनुभवातून उत्तर देतो. परवानग्या रखडल्या म्हणून पहिली मुलाखत पुढे ढकलण्यापेक्षा अभ्यासासाठी शिक्षक पुढच्या, नंतर रुजू होणाऱ्या तुकडीतून घेणे बरे.

पहिल्या मुलाखतीत शिक्षक स्वतः भाषा कशी शिकला, यावर भरपूर वेळ घालवा. डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली दाखवून दिले होते की शिक्षक होण्याआधी माणूस विद्यार्थी म्हणून हजारो तास शिक्षकांना पाहत असतो आणि शिकवण्याच्या कल्पना तिथूनच घेऊन येतो. भाषेच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. पाठांतराने भाषा शिकलेला शिक्षक संवादावर भर देणाऱ्या प्रशिक्षणातून आला, की अडचणीच्या क्षणी कुठे परत जातो, हे पाहायला ही नोंद हवीच. त्याच्या आवडत्या शिक्षकाचा एक तास, नावडत्या शिक्षकाचा एक तास आणि भाषा ‘जमली’ असे वाटले तो क्षण, एवढे तपशिलात मिळाले तरी पुष्कळ.

नव्या शिक्षकांविषयी आधीच बरेच लिहिले गेले आहे. सायमन वेनमन यांनी १९८४ साली ८३ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात नव्या शिक्षकांना जाणवणाऱ्या अडचणींत वर्गातली शिस्त पहिली आली. फ्रान्सेस फुलर यांनी १९६९ साली मांडले की शिक्षकाची काळजी आधी स्वतःविषयी असते आणि हळूहळू विद्यार्थ्यांच्या शिकण्याकडे वळते. हे वाचा, पण याचे साचे करून मजकूर त्यांत ओतू नका. भाषाशिक्षकांच्या काही काळज्या निराळ्याच असतात: आपली स्वतःची भाषा पुरेशी चांगली आहे का, विद्यार्थ्याने अचानक विचारलेला शब्द आला नाही तर काय, वर्ग गप्प बसला तर तो समजल्यामुळे की न समजल्यामुळे. शिवाय काळजीचा प्रवास सरळ रेषेत होत नाही. नवा वर्ग किंवा नवे पाठ्यपुस्तक मिळाले, की अनुभवी होत चाललेला शिक्षकही पुन्हा स्वतःच्या काळजीत पडतो.

मुलाखत कोणत्या भाषेत घ्यायची, हा भाषाशिक्षकांच्या अभ्यासात किरकोळ प्रश्न नाही. शिक्षक जी भाषा शिकवतो तिच्यातच मुलाखत घेतली, तर नव्या शिक्षकाला ती परीक्षा वाटते. तो सोपी वाक्ये निवडतो, अवघड प्रसंग टाळतो आणि आपल्या भाषेविषयीची असुरक्षितता तर नक्कीच लपवतो, कारण ती त्याच वेळी समोर दिसत असते. त्याला भाषा निवडू द्या आणि मधेच बदलायची मुभाही द्या. मात्र त्याने कुठे भाषा बदलली, याची शब्दांकनात खूण करा. तंत्राविषयी बोलताना एक भाषा आणि रागाविषयी बोलताना दुसरी, असे सहज घडते आणि दीड वर्षात त्याची जागाही सरकते. स्वयंचलित शब्दांकनाची साधने नेमकी इथेच अडखळतात. दोन भाषा मिसळल्या की ती एकीचे शब्द दुसरीच्या जवळच्या शब्दांत बदलून टाकतात आणि ‘अं’, अर्धवट वाक्ये, थांबणे गाळून टाकतात. ती कच्च्या मसुद्यासाठी वापरा, पण प्रत्येक ओळ आवाज ऐकून तपासा. विद्यार्थ्याची चूक सांगताना शिक्षकाने उच्चारलेले चुकीचे वाक्य यंत्राने ‘सुधारून’ लिहिले, तर अख्खा प्रसंगच नाहीसा होतो.

संमतीचे काम एकदाच सही घेऊन संपत नाही. दीड वर्षापूर्वी कशाला हो म्हटले होते, हे कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी मुलाखतीच्या सुरुवातीला दोन मिनिटे संमती पुन्हा तोंडी घ्या आणि ती ध्वनिमुद्रित करा. संमतीपत्रात गोष्टी सुट्या ठेवा: ध्वनिमुद्रण, चित्रमुद्रण, रोजनिशी, व्हॉट्सअ‍ॅपवरचे अनौपचारिक संदेश, लिखाणात शब्दशः उद्धृत करणे आणि अभ्यासानंतर मजकूर इतर संशोधकांना देणे. एखाद्याला मुलाखत चालते, पण रात्री अकराला पाठवलेला त्रागा उद्धृत केलेला चालत नाही. माघार घेतली तर आधीचा मजकूर काढता येईल का आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही लिहा. विश्लेषण होऊन लेख छापल्यावर काढता येत नाही, हे आधीच स्पष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

शिक्षक शाळेमार्फत मिळाले असतील, तर शाळेला कोणताही वैयक्तिक अहवाल मिळणार नाही, हे शाळेकडून लेखी घ्या आणि ते पत्र शिक्षकांना दाखवा. पहिल्या वर्षी नोकरी कायम झालेली नसते. आपले बोलणे वरपर्यंत पोहोचेल अशी पुसटशी शंका असली, तरी शिक्षक ताकास तूर लागू देत नाही आणि सगळे ‘छान चालले आहे’ एवढेच ऐकू येते.

विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळा आहे. तासाचे चित्रीकरण मागितले, की पालकांची आणि शाळेची परवानगी लागते. नुसता आवाज घेतला तरी त्यात मुलांचे आवाज येतातच. बहुतेक अभ्यासांना चित्रीकरणाची गरज नसते. त्याऐवजी तास संपल्यावर रिकाम्या वर्गात फळ्याचा एक फोटो मागा. पाच सेकंदांचे काम आणि मजकूर भरपूर. कोणते शब्द लिहिले, अर्थ कोणत्या भाषेत दिला, विद्यार्थ्याचे वाक्य फळ्यावर आले की फक्त पुस्तकाचे, नियम आधी लिहिला की उदाहरण, हे सगळे त्यात दिसते. पहिल्या महिन्याचा आणि चौदाव्या महिन्याचा फळा शेजारी ठेवला, की मुलाखतीत न बोललेले बदलही नजरेस पडतात. फोटोत विद्यार्थ्यांची नावे, हजेरीचा कोपरा किंवा वर्गाची पाटी येत नाही ना, ते पाहायला शिक्षकालाच सांगा.

ऑनलाइन मुलाखतीची यंत्रणा साधी ठेवा. झूमच्या मोफत खात्यावर बैठक चाळीस मिनिटांत तुटते आणि ती नेमकी मन मोकळे होऊ लागल्यावर तुटते. सशुल्क खाते घ्या किंवा वेळमर्यादा नसलेले साधन वापरा. झूममध्ये संगणकावर मुद्रण करताना प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फाइलीत घेण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. दोघे एकदम बोलले तरी शब्दांकन अडत नाही. शेजारी एक स्वतंत्र रेकॉर्डरही लावा. चित्राचा आग्रह धरू नका. जोडणी कमकुवत असली की चित्र आवाजाला मारते, आणि दिवसभर वर्गासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला पडद्यावर चेहरा न दाखवता बोलायला बरे वाटते. मात्र पहिली भेट चित्रासह व्हावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिक्षक कुठे बसून बोलतो आहे. शिक्षककक्षातून घेतलेली मुलाखत जवळपास निरुपयोगी असते. सुरुवातीलाच विचारा: ‘आत्ता तुमचे बोलणे कुणाला ऐकू जाईल का?’ आणि एक संकेतवाक्य ठरवून ठेवा, उदाहरणार्थ, ‘वेळापत्रकाचे नंतर बघू.’ ते ऐकले की तुम्ही लगेच निरुपद्रवी प्रश्नाकडे वळायचे. घरातही हे लागते. सासरी-माहेरी, भाड्याच्या खोलीत, वसतिगृहात एकांत मिळेलच असे नाही.

रोजनिशीबाबत हात आखडता घ्या. दर आठवड्याला पानभर लिहायला सांगितले, तर दुसऱ्या महिन्यात ते बंद पडते. पेपर तपासून मान मोडलेल्या माणसाला आणखी लिहायला लावणे अन्यायाचेही आहे. दर पंधरवड्याला दोन-तीन मिनिटांची ध्वनी-नोंद पुरे. सूचनाही नेहमी तीच: ‘या पंधरवड्यात तासावर घडलेली, डोक्यात राहिलेली एक गोष्ट सांगा. तेव्हा काय केलेत? उद्या तसेच घडले तर काय कराल?’ ‘कसे चालले आहे?’ असा मोघम संदेश पाठवू नका. त्याला हसरा चेहरा येतो आणि संभाषण संपते.

नोंद आली नाही, तर तीन दिवसांनी एकच आठवण करा आणि मग तो पंधरवडा सोडून द्या. ‘मागचे राहू द्या, या वेळचे सांगा’ असे स्पष्ट लिहा. मागच्या चार नोंदी एका बैठकीत भरून घेतल्या, तर त्या चार नोंदी नसतात. ती एक नोंद असते, चार तारखा लावलेली. म्हणूनच प्रत्येक नोंदीला दोन तारखा द्या: प्रसंग घडल्याची आणि सांगितल्याची. सोपी वाटणारी ही गोष्ट बहुतेक जण करत नाहीत आणि नंतर शिक्षकाचे तेव्हाचे मत आणि आज मागे वळून पाहताना बनलेले मत एकमेकांत मिसळून जाते. चौदाव्या महिन्यात ‘मी पहिल्यापासून गटकार्यच घेत आले’ असे म्हणणाऱ्या शिक्षिकेची दुसऱ्या महिन्यातली नोंद ‘गटात बसवले की गोंधळ होतो, म्हणून बंद केले’ असे सांगत असते. ती खोटे बोलत नाही. आठवण आजच्या समजुतीला धरून रचली जाते, आणि असा फरक हाती लागणे हा अभ्यासाचा एक उत्तम निष्कर्ष असतो.

जुने बोलणे शिक्षकाला ऐकवायचे असेल, तर ते स्थिर प्रश्न संपल्यावरच ऐकवा आणि त्यावरचे बोलणे वेगळ्या खुणेने नोंदवा. सरसकट ऐकवूही नका. पहिल्या महिन्यातली रडवेली नोंद अचानक समोर आली, तर तो धक्का असतो. आधी विचारा, एखादे-दोन उतारेच निवडा, आणि हे ईमेलने न करता बोलता बोलता करा.

दीड वर्ष नियमित ऐकून घेणारे माणूस म्हणजे नव्या शिक्षकाला आधार वाटतो. तिसऱ्या महिन्यापर्यंत ‘तुम्हीच सांगा, काय करू?’ असा प्रश्न येणारच. तिथे दोन टोके टाळा. तटस्थपणाच्या नावाखाली ‘मी काही सांगू शकत नाही’ म्हटले, तर नाते तुटते आणि ते माणुसकीलाही धरून नाही. सल्ले देत गेलात, तर दीड वर्षाने तुम्ही तुमच्याच सल्ल्याचा परिणाम मोजत बसाल. मधला मार्ग असा: मुद्रण चालू असताना ‘तुमच्या मनात कोणते पर्याय आहेत?’ असे विचारा, मुद्रण थांबल्यावर गरज असेल ती माहिती द्या, आणि दिलेल्या प्रत्येक सल्ल्याची तारखेसह वहीत नोंद करा. विश्लेषणात ती वहीही मजकुराइतकीच लागते. नोंदी पाठवल्यामुळेच शिक्षक अधिक विचार करू लागला, असेही होते. शेवटच्या मुलाखतीत ते थेट विचारा आणि अहवालात लिहा. शिक्षकाच्या बोलण्यात मानसिक ताण, छळ किंवा कुणा मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न दिसला, तर काय करायचे, कुणाला कळवायचे, हे नैतिकता समितीकडून मंजूर करून घेतलेले पानभर टिपण पहिल्या दिवसापासून हाताशी ठेवा.

गळतीकडे बहुतेक जण आकडा म्हणून पाहतात. खरे नुकसान वेगळे असते: नोकरी सोडणारे शिक्षक अभ्यासही सोडतात, आणि उरतात ते टिकलेले. मग निष्कर्ष असा निघतो की नवे शिक्षक हळूहळू सावरतात, कारण न सावरलेले तुमच्या मजकुरातच नाहीत. यावर उपाय सुरुवातीलाच करायचा असतो. पहिल्या दिवशी सांगा की शिकवणे सोडले तरी तुम्ही या अभ्यासात आहात, आणि कधीही बाहेर पडलात तर पंधरा मिनिटांचे एक शेवटचे बोलणे द्याल का, एवढे विचारून ठेवा. संपर्कासाठी शाळेने दिलेला ईमेल घेऊ नका. नोकरी सुटली की तो पत्ता त्याच दिवशी बंद पडतो. वैयक्तिक ईमेल आणि फोन, असे दोन मार्ग ठेवा. मानधन देत असाल तर टप्प्याटप्प्याने द्या आणि मधेच थांबलेल्याला तिथपर्यंतचे द्या. सगळे शेवटी ठेवले, तर इच्छा नसताना रेटून राहण्याचा दबाव येतो. कुणी गप्प झाले, तर त्या गप्प होण्याचीही तारीख लिहा. दोन जण एकाच परीक्षेच्या काळात गप्प झाले असतील, तर तेही काहीतरी सांगते.

व्हॉट्सअ‍ॅप वापरणार असाल, तर अभ्यासासाठी वेगळा क्रमांक आणि शक्यतो वेगळा फोन ठेवा. रोजच्या फोनवर आलेली ध्वनी-नोंद तुमच्या खासगी बॅकअपमध्ये जाते आणि घरातल्या कुणाच्याही हाती लागू शकते. समोरच्याने आपोआप नाहीसे होणारे संदेश चालू केले असतील, तर ते २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी जातात, म्हणून दर आठवड्याला नोंदी उतरवून घ्या. गट बनवू नका. सहभागी एकमेकांना कळले, की गोपनीयता संपली.

साठवणीत तीन गोष्टी तीन ठिकाणी असाव्यात: मूळ आवाज, नावे बदललेले शब्दांकन, आणि कोणते टोपणनाव कुणाचे ती यादी. यादी सांकेतिक कुलूप असलेल्या वेगळ्या जागी, बाकीच्या दोन्हींपासून दूर. फाइलचे नाव एकाच साच्यात द्या, जसे ‘श०४-मु३-तारीख’. वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवला, की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. टोपणनावाने सगळे झाकले जाते, असे समजू नका. दीर्घकालीन अभ्यासात माणूस नावाने ओळखू येत नाही, घटनाक्रमाने येतो: एकाच सत्रात तीन वर्ग बदलले, मधे दोन महिने रजा, नंतर दुसऱ्या गावी बदली. सहकाऱ्याला एवढे पुरते. म्हणून विश्लेषणावर परिणाम न होणारे तपशील बदला किंवा गाळा, आणि काय बदलले त्याची यादी स्वतःजवळ ठेवा.

विश्लेषण शेवटी करायचे असते, ही समजूत काढून टाका. प्रत्येक मुलाखतीनंतर दोन आठवड्यांच्या आत तिचा एक पानी सारांश झालाच पाहिजे: तिन्ही स्थिर प्रश्नांची उत्तरे, मागच्या वेळेपेक्षा काय निराळे, काय तसेच, आणि पुढच्या वेळी काय विचारायचे. हे पान नसेल, तर पुढची मुलाखत घेऊ नका. शब्दांकन मागे राहिले तरी चालेल. सारांश मागे राहता कामा नये.

या सारांशांतून एक मोठा तक्ता आपोआप तयार होतो. आडव्या ओळींत शिक्षक, उभ्या स्तंभांत सहा टप्पे, प्रत्येक चौकटीत दोन-तीन वाक्ये आणि एक शब्दशः उतारा. हे काम कोणत्याही साध्या तक्त्याच्या आज्ञावलीत होते. एनव्हिवो किंवा मॅक्सक्यूडीए ही गुणात्मक मजकुराच्या विश्लेषणाची खास साधने हाताशी असतील तर उत्तम, पण ती साधने बदल शोधून देत नाहीत. तक्ता आधी आडवा वाचा, एकेका शिक्षकाचा प्रवास पूर्ण. मग उभा वाचा, एकाच टप्प्यावर सगळे कुठे होते ते. बरेच जण उभाच वाचतात, कारण सामायिक विषय तिथे पटकन सापडतात, आणि मग अहवालात ‘सहाव्या आठवड्यात शिक्षकांना शिस्तीची अडचण होती’ असली वाक्ये येतात, जी एकाच वेळच्या सर्वेक्षणातूनही मिळाली असती. आडवे वाचताना चार गोष्टी शोधा: काय वाढले, काय नाहीसे झाले, काय तसेच राहिले आणि काय जाऊन परत आले. नाहीसे झालेले सर्वांत अवघड, कारण ज्याविषयी कुणी बोलत नाही, त्याला कोड, म्हणजे मजकुराच्या तुकड्याला द्यायचे विषयाचे छोटे नाव, लागत नाही.

कोडिंग करताना तुमचे कोडही काळाबरोबर सरकतात. मुलाखतींच्या पहिल्या फेरीत ‘भाषेची असुरक्षितता’ म्हणून जे धरले, त्याहून बरेच व्यापक तुम्ही पाचव्या फेरीत त्याच नावाखाली धरत असता. मग शिक्षकांची असुरक्षितता वाढल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात तुमची व्याख्या वाढलेली असते. म्हणून कोडयादीच्या तारीखवार आवृत्त्या जपून ठेवा आणि तिसऱ्या फेरीनंतर पहिल्या फेरीतल्या दोन-तीन मुलाखतींना जुने कोड न पाहता पुन्हा कोड लावा. फरक आला तर व्याख्या घट्ट करा. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांच्या २००६ सालच्या मांडणीनुसार विषयसूत्रे, म्हणजे मजकुरात पुन्हा पुन्हा दिसणारे अर्थाचे धागे, शोधणार असाल, तर दोन कोडकर्त्यांच्या जुळणीचा टक्का देण्याची गरज नाही. पण काळाच्या ओघात स्वतःशी स्वतःची जुळणी तपासणे या प्रकारच्या अभ्यासात टाळता येत नाही.

लिहिताना बाराही जणांचे थोडे थोडे सांगण्यापेक्षा तीन-चार शिक्षकांचे पूर्ण प्रवास द्या आणि बाकीच्यांचा उपयोग ते प्रवास कुठे सार्वत्रिक आहेत व कुठे अपवाद, हे दाखवायला करा. निवडलेल्यांत निदान एक असा असावा, ज्याच्यात फारसे काही बदललेच नाही. त्याच्याविषयी लिहिणे कठीण जाते, पण इतरांचा बदल खरा आहे की फक्त वर्ष सरल्याचा भास, हे त्याच्याशीच ताडून पाहता येते. प्रत्येक उताऱ्याखाली महिना छापा: ‘महिना २’, ‘महिना १५’. त्याशिवाय वाचकाला काळ दिसत नाही.

शेवटच्या मुलाखतीची तारीख तीन महिने आधी कळवा. दीड वर्षाची सवय एका संदेशाने तोडू नका. त्या भेटीत मजकुराचे पुढे काय होणार, लेख कुठे वाचायला मिळेल, मूळ आवाज कोणत्या तारखेला नष्ट होईल आणि अभ्यासाचा क्रमांक कधी बंद होईल, हे सांगा. तो क्रमांक लगेच बंद न करता आणखी दोन महिने चालू ठेवा. लेखी मसुदा वाचून एखादा उतारा काढून टाकावा असे वाटणारे शिक्षक त्याच काळात संपर्क करतात.